देताना साधं बहुमत, परत घेताना दोन तृतीयांश

२७ ऑगस्ट २०२५ पासून भारतातून अमेरिकेत जाणाऱ्या बऱ्याच मालावर ५० टक्के जादा आयातशुल्क लागू झालं. त्यातले पहिले २५ टक्के ७ ऑगस्टलाच लागले होते. रशियाचं तेल घेतल्याची शिक्षा म्हणून वर आणखी २५ चढले. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात दागिने घडवणाऱ्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकेत आहे. त्यांच्यापर्यंत ही बातमी ‘ट्रम्प यांचा निर्णय’ म्हणूनच पोहोचली, आणि ते खरंही होतं. पण अमेरिकेच्या राज्यघटनेतला पहिल्या कलमाचा आठवा विभाग उघडला, तर कर आणि आयातशुल्क बसवण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिलेला दिसतो. अध्यक्षांच्या कलमात शुल्काचा उल्लेखसुद्धा नाही. मग या शुल्काचं विधेयक कधी मांडलं गेलं? मतदान कधी झालं? कधीच नाही. आदेशावर सही झाली आणि कस्टम्सच्या तक्त्यातला आकडा बदलला.

अध्यक्षांनी संसदेची सत्ता बळकावली, असं यावर सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. बळकावलेल्या सत्तेपेक्षा दिलेली सत्ता जास्त आहे. ती काँग्रेसने कायदे करून, मतदान घेऊन, सहीशिक्क्यानिशी दिली. देताना तिने परतीची एक वाटही ठेवली होती. ती वाट १९८३ साली बंद झाली, आणि अमेरिकेतल्या आजच्या बहुतेक भांडणांचं मूळ त्या बंद दारापाशी सापडतं.

आपल्याकडच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात अमेरिकेचं चित्र तीन स्वतंत्र खोल्यांसारखं असतं: कायदे करणारी, राबवणारी आणि न्याय देणारी. प्रत्यक्षात तिथे माणसं वेगळी ठेवली आहेत, कामं नव्हेत. मंत्री काँग्रेसचा सदस्य असू शकत नाही. पण कायद्याला अध्यक्षांची सही लागते, म्हणजे कायदा करण्यात अध्यक्षांचा वाटा आहे. न्यायाधीश अध्यक्ष नेमतात, पण सिनेटच्या संमतीशिवाय नाही. सैन्याचे सरसेनापती अध्यक्ष, तर युद्ध पुकारण्याचा आणि त्याचे पैसे मंजूर करण्याचा अधिकार काँग्रेसचा. घटना मंजुरीसाठी राज्यांपुढे असताना, १७८८ साली तिच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक असलेल्या मॅडिसन यांनी हेच समजावून सांगितलं होतं: एका शाखेची सगळी सत्ता दुसरीच्या हाती जाणं घातक, थोडी सरमिसळ मात्र हवीच, कारण तिच्याशिवाय एक शाखा दुसरीला अडवणार कशी?

अडवण्याची ही सोय फार नीट चालते. विधेयकाचा रस्ता पाहा. प्रतिनिधीगृहात ४३५ सदस्य, म्हणजे सगळे हजर असतील तर २१८ मतं हवीत. सिनेटमध्ये १०० सदस्य. तिथे ५१ पुरायला हवीत, पण चर्चा थांबवून मतदान घ्यायलाच बहुतेक विधेयकांना ६० मतं लागतात. हा ६० चा आकडा घटनेत कुठेही नाही, तो सिनेटने स्वतःच्या नियमात घालून घेतला आहे. दोन्ही सभागृहांतून अक्षरशः एकच मसुदा संमत व्हावा लागतो. मग तो अध्यक्षांकडे जातो. रविवार वगळून दहा दिवसांत त्यांनी सही करायची किंवा नकाराधिकार वापरून तो परत पाठवायचा. परत पाठवलेलं विधेयक जिवंत करायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत. उलट बाजूने मोजलं, तर अध्यक्षांना सिनेटमधले ३४ जण पुरतात. सतरा राज्यांचे सिनेटर हाताशी असले की उरलेल्या तेहतीस राज्यांचं काही चालत नाही.

हे गणित ग्रीन कार्डच्या रांगेतल्या मराठी घरांना कुणी शिकवायला नको. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० आणि एका देशाला त्यातली साधारण ७ टक्के, ही मर्यादा कायद्यात आहे. त्यामुळे ती काँग्रेसच बदलू शकते. १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधीगृहाने ही ७ टक्क्यांची अट उठवणारं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केलं. सिनेटने २ डिसेंबर २०२० रोजी त्यात बदल करून, एकाही सदस्याचा विरोध न येता, आपली आवृत्ती संमत केली. दोन्ही सभागृहांना बदल हवा होता. पण मसुदे जुळवायचे राहिले, ३ जानेवारी २०२१ ला त्या काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक मेलं. पुढच्या काँग्रेसमध्ये पहिल्या पायरीपासून सुरुवात. याच्या शेजारी १९ सप्टेंबर २०२५ ची गोष्ट ठेवा. नव्या एच-वन-बी नोकरी-व्हिसाच्या अर्जांवर १,००,००० डॉलर लावणारी अध्यक्षांची घोषणा त्या दिवशी निघाली आणि दोन दिवसांत अमलात आली. पुण्या-मुंबईच्या विमानतळांवरून परत निघालेल्यांची तेव्हा काय धावपळ उडाली, ते अनेक घरांना आठवत असेल. त्या घोषणेला आधार होता १९५२ च्या कायद्यातल्या एका कलमाचा. परदेशी नागरिकांच्या एखाद्या गटाचा प्रवेश देशाच्या हिताला बाधक आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर तो थांबवण्याची मुभा काँग्रेसनेच त्यांना त्यात दिली आहे.

म्हणजे ज्या यंत्रात अडवणं सोपं आणि करणं अवघड असतं, त्यात जो आधी हलतो तो जिंकतो. हलू शकतो एकटा अध्यक्ष. उरलेल्या ५३५ जणांना हलायला एकमेकांची गरज लागते.

काँग्रेसला हे कळत नव्हतं असं नाही. १९३० च्या दशकापासून ती अधिकार देताना एक दोरी बांधून देत असे. कायद्यात लिहिलेलं असायचं की सरकारने अमुक निर्णय घ्यावा, मात्र आमच्या एका किंवा दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला तर तो रद्द. अशा ठरावाला अध्यक्षांची सही लागत नसे. जवळजवळ २०० कायद्यांमध्ये ही दोरी होती.

ती तुटली जगदीश राय चढ्ढा यांच्या खटल्यात. भारतीय वंशाचे, केनियात जन्मलेले, ब्रिटिश पासपोर्टवाले चढ्ढा १९६६ साली विद्यार्थी म्हणून अमेरिकेत आले. १९७२ मध्ये व्हिसा संपला. हाकलून देण्याची कारवाई सुरू झाली, पण १९७४ साली इमिग्रेशन न्यायाधीशाने त्यांची अडचण खरी मानून त्यांना राहू दिलं. कायद्याप्रमाणे अशा माणसांची यादी काँग्रेसकडे जायची, आणि कोणतंही एक सभागृह त्यातलं नाव खोडू शकायचं. १९७५ च्या डिसेंबरमध्ये, मुदत संपत आलेली असताना, प्रतिनिधीगृहाच्या समितीने ३४० नावांतून सहा निवडली आणि सभागृहाने ती खोडली. चढ्ढा त्यांतले एक. ठराव छापून सदस्यांच्या हाती दिलेला नव्हता. चर्चा झाली नाही, मतांची नोंदसुद्धा नाही. एका माणसाचं आयुष्य असं निकालात काढणं कुणालाही खटकेल, आणि ते न्यायालयालाही खटकलं. २३ जून १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ठरवलं की काँग्रेसला कायद्याचा परिणाम बदलायचा असेल तर घटनेतला पूर्ण रस्ता चालावा लागेल: दोन्ही सभागृहं आणि अध्यक्षांपुढे सादर करणं. एका सभागृहाचा ठराव चालणार नाही, आणि अध्यक्षांकडे न जाणारा दोन्ही सभागृहांचा ठरावही नाही.

चढ्ढांना न्याय मिळाला, तो मिळायलाच हवा होता. घटनेच्या शब्दांपुरता हा निकाल चूक म्हणता येत नाही. पण दोरी तुटली तरी तिच्या भरवशावर दिलेले अधिकार अध्यक्षांकडेच राहिले. दोरी नसती तर काँग्रेसने ते दिलेच नसते, हा विचार त्या २०० कायद्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत कुणी पुन्हा केला नाही. न्यायमूर्ती व्हाइट यांनी विरोधी निकालपत्रात याचाच इशारा दिला होता. त्या दिवसापासून व्यवहार असा झाला की साध्या बहुमताने दिलेला अधिकार परत घ्यायचा असेल, तर दोन तृतीयांश मतं गोळा करा. कारण तो परत घेणाऱ्या विधेयकावर नकाराधिकार चालवणारा माणूस तोच, ज्याच्या हातात तो अधिकार आहे.

याचा सगळ्यात मोठा फटका बसला आणीबाणीच्या कायद्याला. अध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणानंतर, १९७६ साली, काँग्रेसने राष्ट्रीय आणीबाणी कायदा केला. अध्यक्षांनी आणीबाणी जाहीर करावी, पण दोन्ही सभागृहांनी ठराव केला की ती संपली. पुढच्याच वर्षी, या कायद्याला जोडून, आणीबाणीत परदेशी आर्थिक व्यवहारांवर बंधनं घालण्याचा कायदा आला. भारतावरचं शुल्क याच १९७७ च्या कायद्यावर उभं होतं. चढ्ढा निकालानंतर, १९८५ मध्ये, आणीबाणी संपवण्याच्या ठरावालाही अध्यक्षांची सही आवश्यक झाली. परिणाम दिसायला २०१९ उजाडावं लागलं. मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रम्प यांना ५.७ अब्ज डॉलर हवे होते. ३५ दिवस सरकारी कामकाज बंद राहिल्यावर काँग्रेसने १.३७५ अब्ज दिले. १५ फेब्रुवारीला ट्रम्प यांनी आणीबाणी जाहीर केली आणि लष्करी बांधकामाचे पैसे भिंतीकडे वळवण्याची तयारी केली. म्हणजे काँग्रेसने ज्या कामाला विचारपूर्वक नकार दिला, तेच काम काँग्रेसच्याच जुन्या कायद्याने. सिनेटने आणीबाणी रद्द करण्याचा ठराव ५९ विरुद्ध ४१ ने संमत केला, त्यात रिपब्लिकन बारा होते. १५ मार्चला नकाराधिकार आला. २६ मार्चला प्रतिनिधीगृहात फेरमतदान झालं: २४८ विरुद्ध १८१. हवी होती २८६. दोन्ही सभागृहांचं स्पष्ट बहुमत विरोधात असलेली आणीबाणी तशीच चालू राहिली.

आता एक न्याय्य आक्षेप. काँग्रेसने हे अधिकार मूर्खपणाने दिले का? नाही. १९३० च्या स्मूट-हॉली कायद्यात तिने हजारो वस्तूंचे दर स्वतः ठरवले. ज्याच्या मतदारसंघात जे पिकतं किंवा बनतं, त्यावर शुल्क, आणि त्या बदल्यात शेजाऱ्याच्या मालावरही शुल्क. तू माझं साखरेचं शुल्क धर, मी तुझं लोकरीचं धरतो, असा तो बाजार होता. मंदीत जगाच्या व्यापाराचं जे झालं त्यात या कायद्याचाही हात होता. म्हणून १९३४ मध्ये तिने दर घटवण्याच्या वाटाघाटी अध्यक्षांकडे दिल्या, आणि पुढची अनेक दशकं त्याचा उपयोगही झाला. औषधांची सुरक्षितता, हवेतल्या प्रदूषणाची मर्यादा, विमानांची तपासणी या गोष्टी ५३५ राजकारण्यांनी कलमवार लिहिणं शक्यही नाही आणि इष्टही नाही. अधिकार द्यावेच लागतात. माझा आक्षेप देण्याच्या रीतीवर आहे, आणि तो एका प्रश्नात मावतो: काँग्रेस गप्प बसली, तर काय होतं?

आणीबाणीच्या कायद्यात काँग्रेस गप्प बसली की अध्यक्षांचं चालू राहतं. इराणविरुद्धची आणीबाणी अध्यक्ष कार्टर यांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये जाहीर केली. तेव्हापासून प्रत्येक अध्यक्ष दर वर्षी तिची मुदत वाढवत आले आहेत. दर सहा महिन्यांनी दोन्ही सभागृहांनी आणीबाणीवर विचार करावा असं त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. चार दशकं ते जवळजवळ कुणी पाळलं नाही.

पैशाच्या बाबतीत गाडी उलटी आहे. आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. तोवर खर्चाची बारा विधेयकं किंवा तात्पुरती मुदतवाढ संमत झाली नाही, तर त्या खात्यांना पैसा नाही. इथे काँग्रेस गप्प बसली की अध्यक्षांचे हात बांधले जातात. मंजुरीशिवाय खर्च करू नये हा कायदा एकोणिसाव्या शतकातला, पण १९८० पर्यंत खाती मुदत उलटल्यावरही थोडा आखडता हात घेऊन काम चालू ठेवत. कार्टर यांचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा अधिकारी, बेंजामिन सिव्हिलेटी यांनी १९८० आणि १९८१ मध्ये मत दिलं की कायद्याचा अर्थ अक्षरशः घ्यायचा: जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणासारखी कामं सोडून बाकी सगळं बंद. ‘शटडाऊन’ म्हणतात तो इथून आला. १९७७ पासून सगळी विधेयकं वेळेवर फक्त चार वर्षी संमत झाली आहेत, आणि २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस कामकाज बंद होतं. हे दृश्य ओंगळ आहे. विमानतळावरचे नियंत्रक पगाराशिवाय काम करतात, गरिबांच्या धान्यमदतीवर गदा येते. त्यामुळे शटडाऊनच नको, पैसे आपोआप चालू राहावेत, असा सुधारणेचा प्रस्ताव अधूनमधून येतो. मला तो भाबडा वाटतो. काँग्रेसच्या हाती उरलेली ही एकच जागा आहे जिथे तिच्या मौनाला प्रत्यक्षात किंमत आहे. ती सोडून दिली, की अध्यक्षांना तिच्याशी बोलायचं कारणच उरणार नाही.

आणि नेमकी हीच जागा आता पोखरली जाते आहे. मंजूर झालेला पैसा अध्यक्षांना खर्च करायचा नसेल तर? निक्सन यांनी असे पैसे मोठ्या प्रमाणावर अडवले, तेव्हा काँग्रेसने १९७४ चा कायदा केला. अध्यक्षांनी रक्कम रद्द करण्याचा प्रस्ताव पाठवावा. अधिवेशनाच्या ४५ दिवसांत काँग्रेसने तो संमत केला नाही तर पैसे सोडावेच लागतील. मौन म्हणजे नकार. चांगली रचना आहे, पण तिला एक भोक आहे, आणि ते कॅलेंडरमध्ये आहे. प्रस्ताव वर्ष संपायला ४५ दिवसांपेक्षा कमी उरले असताना पाठवला, तर काँग्रेसने काहीच केलं नाही तरी पैसे तोवर अडून राहतात आणि ३० सप्टेंबरला त्यांची मुदत संपून ते नाहीसे होतात. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी परदेशी मदतीच्या ४.९ अब्ज डॉलरचं हेच केलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबरला तात्पुरत्या आदेशाने त्यातले सुमारे ४ अब्ज अडवून ठेवू दिले. चार दिवसांनी वर्ष संपलं. अंतिम निकाल काहीही लागला असता, तरी तो खर्च करायला पैसे राहिले नसते.

युद्धाच्या बाबतीत तर घड्याळही लावून झालं. निक्सन यांचा नकाराधिकार मोडून १९७३ साली केलेल्या कायद्याप्रमाणे लढाईत सैन्य उतरवल्यावर ४८ तासांत काँग्रेसला कळवायचं आणि ६० दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर सैन्य मागे घ्यायचं, त्यासाठी आणखी ३० दिवस. इथेही मौन म्हणजे नकार. मग २०११ मध्ये लिबियावरचे हल्ले ६० दिवसांपुढे कसे गेले? ओबामा सरकारने सांगितलं की जमिनीवर सैनिक नाहीत, आपली माणसं मरण्याचा धोका फारसा नाही, म्हणून कायद्यातल्या अर्थाने ही ‘लढाई’च नाही. बॉम्ब पडत होते, घड्याळ मात्र सुरू झालेलंच नव्हतं. २०१९ मध्ये येमेनच्या युद्धातली मदत थांबवण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी संमत केला; ट्रम्प यांनी नाकारला; सिनेटमध्ये फेरमतदान ५३ विरुद्ध ४५, म्हणजे पुन्हा बहुमत असून हार. तेव्हा मौनाची दिशा बरोबर असून भागत नाही, घड्याळ कधी सुरू झालं हे ठरवणारा माणूस वेगळा असावा लागतो.

तो माणूस म्हणजे न्यायालय, असं उत्तर लगेच येतं. कधीकधी ते खरं ठरतं. कोरियन युद्धात संप टाळण्यासाठी अध्यक्ष ट्रुमन यांनी ८ एप्रिल १९५२ रोजी पोलाद कारखाने ताब्यात घेतले. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते सोडायला लावले. पंचावन्न दिवस. बायडन यांनी २००३ च्या एका कायद्यातल्या दोन शब्दांवर सुमारे ४३० अब्ज डॉलरची विद्यार्थी कर्जं माफ करायची योजना आखली, तीही ३० जून २०२३ ला पडली. न्यायालयांनी आधीच स्थगिती दिल्यामुळे एकही डॉलर माफ झाला नव्हता. शुल्काच्या बाबतीत मात्र वेळ उलट्या बाजूला गेली. आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने २८ मे २०२५ रोजीच सांगितलं की १९७७ च्या कायद्यात असं शुल्क बसवण्याचा अधिकार नाही. त्या कायद्यात ‘शुल्क’ हा शब्दच नाही. वरच्या न्यायालयाने २९ ऑगस्टला ७ विरुद्ध ४ मतांनी तेच म्हटलं. भारतावरचं ५० टक्के लागू होऊन तेव्हा दोन दिवस झाले होते. दोन्ही निकाल अपिलापायी थांबवून ठेवले होते, त्यामुळे बंदरांवर वसुली तेव्हा चालूच राहिली. ज्या छोट्या कारखान्याच्या ऑर्डरी या दरम्यान गेल्या, त्याला कायद्याचा अर्थ नंतर कळून काय उपयोग?

शिवाय न्यायालय काढून घेतलेला अधिकार काँग्रेसकडे पोहोचवून देत नाही. २०२४ मध्ये त्याने चाळीस वर्षांचा पायंडा मोडून ठरवलं की कायदा संदिग्ध असेल तर खात्याचा अर्थ मान्य करायची गरज नाही, अर्थ न्यायाधीश लावतील. खात्याकडून निघालेली सत्ता अशी न्यायासनाकडे गेली. काँग्रेसने स्पष्ट कायदे लिहावेत अशी त्यात अपेक्षा आहे म्हणतात. वरचं ग्रीन कार्डचं उदाहरण पाहता या अपेक्षेला काय म्हणावं?

बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना अमेरिकी आणि संसदीय पद्धतीची तुलना केली होती. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, कारण तिथे प्रश्न, ठराव आणि अविश्वास यांतून सरकारची तपासणी रोज होते; मसुद्याने जबाबदारी निवडली. हे बोलताना अमेरिका त्यांना केवळ पुस्तकातून माहीत होती असं नाही, १९१३ ते १९१६ ते कोलंबिया विद्यापीठात होते. आपल्या घटनेत मौनाचा प्रश्नही नीट सोडवलेला आहे: वटहुकूम संसद किंवा विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत आपोआप संपतो. पण त्यालाही पळवाट निघालीच. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी दाखवून दिलं की बिहारमध्ये १९६७ ते १९८१ दरम्यान २५६ वटहुकूम पुन्हापुन्हा काढून वर्षानुवर्षं जिवंत ठेवले होते. १९८६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला घटनेशी केलेली लबाडी म्हटलं. तेव्हा आपलं बरं आणि त्यांचं वाईट, असा निष्कर्ष काढायची घाई नको. पक्षांतरबंदीनंतर आपल्या रोजच्या तपासणीत किती दम उरला, हा वेगळा लेख होईल.

पक्ष हा शब्द आला, तर मॅडिसन यांचा हिशोब जिथे चुकला ती जागाही सांगायला हवी. त्यांनी धरलं होतं की काँग्रेसचा सदस्य काँग्रेसचा अधिकार जपेल, कारण त्यात त्याची स्वतःची प्रतिष्ठा आहे. आजचा सदस्य आधी पक्षाचा असतो. मार्च २०२५ चा प्रसंग बघा. आणीबाणी कायद्यात एक जलद मार्ग आहे: रद्द करण्याचा ठराव समितीने १५ दिवस अडवून ठेवला, तरी पुढे तो मतदानाला यावाच लागतो. ट्रम्प यांनी १ फेब्रुवारीला कॅनडा, मेक्सिको आणि चीनबाबत आणीबाणी जाहीर केली होती. त्यांच्यावरचे ठराव येणार हे दिसताच प्रतिनिधीगृहाच्या बहुमताने एका नियमात वाक्य घुसवलं: या आणीबाण्यांच्या बाबतीत अधिवेशनाचा उरलेला एकही दिवस ‘दिवस’ म्हणून मोजायचा नाही. सूर्य उगवत होता, मावळत होता, पंधरा दिवस काही पूर्ण होत नव्हते. सिनेटने २ एप्रिलला कॅनडाबाबतची आणीबाणी रद्द करायचा ठराव ५१ विरुद्ध ४८ ने संमत केला. प्रतिनिधीगृहात त्याला तारीखच नव्हती. कुणी काही बळकावलं नाही. मत द्यावं लागू नये, एवढीच त्या सदस्यांची इच्छा होती. मत दिलं तर एकीकडे मतदारसंघातले शेतकरी आणि आयातदार रागावणार, दुसरीकडे अध्यक्ष.

उपाय माहीत आहे आणि साधा आहे. आणीबाणी जाहीर झाल्यावर ३० दिवसांत दोन्ही सभागृहांनी होकार दिला नाही, तर ती संपावी. ‘रद्द करा’ असं मत मागण्याऐवजी ‘चालू ठेवा’ असं मत मागावं. मग नकाराधिकाराचा प्रश्नच येत नाही, कारण नकार द्यायला विधेयकच नसतं. २०१९ पासून असं विधेयक दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मांडलं आहे. शुल्क आणि परदेशी सैनिकी कारवाई यांनाही तेच सूत्र लावता येईल, फक्त मुदत वेगळी ठेवावी आणि ‘लढाई’, ‘दिवस’ यांसारख्या शब्दांची व्याख्या कायद्यातच करावी. पण हे विधेयकही संमत व्हायला अध्यक्षांची सही किंवा दोन तृतीयांश मतं लागतात. विरोधी पक्षाला ते हवं असतं, सत्तेवर आला की त्याचा उत्साह ओसरतो. १९७३ आणि १९७४ चे कायदे कसे झाले ते पाहिलं तर खिडकी कधी उघडते हे कळतं: एकाला निक्सन यांचा नकाराधिकार मोडावा लागला, आणि दुसऱ्यावर निक्सन यांनीच जुलै १९७४ मध्ये सही केली, कारण वॉटरगेटमध्ये रुतलेल्या अध्यक्षाला नाही म्हणण्याची ताकद उरली नव्हती. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला.